शकूची बोटं

परवा लेकीच्या फॉर्मवर फोटो डकवत होते. डिंकाचा वास आला आणि मी थेट औरंगाबादच्या बसस्टँडवर, पासाच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिले.

मी आणि माझी मैत्रीण शकू पाचोडहून रोज एसटीनं कॉलेजला यायचो. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासाची त्या दिवशी शेवटची तारीख होती, आणि फोटोवाल्याच्या रोलात एकच फोटो उरला होता. "दोघी एकातच बसा, मधून कापून देतो," तो म्हणाला. ऐन वेळी शकूनं माझ्या खांद्यावर हात टाकला. फोटो कापल्यावर तिची चार बोटं माझ्या वाट्याला आली. मला लई राग आला.

खिडकीतल्या साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "ही बोटं कुणाची?"

"माझी हायती, साहेब!" मागून शकू ओरडली. साहेब हसले आणि त्यांनी नेमका बोटांवरच शिक्का मारला.

दिवाळीनंतर शकूचं लग्न झालं. तिचं कॉलेज सुटलं, सासर लांबचं मिळालं.

नव्या पासासाठी जुना जमा करावा लागायचा. मी तो हरवला म्हणून सांगितलं. अजून माझ्या पेटीत आहे; शिक्क्याखालची बोटं अजून दिसतात.

नव्या फोटोला मी एकटीच बसले. फोटोवाला दोनदा म्हणाला, "पोरी, सरळ बस. अशी एका बाजूला का कलतीस?"