डोळे मोजायची पट्टी

थायरॉइडमुळे माझे डोळे बाहेर येऊ लागले, तेव्हापासून दवाखान्यात ते किती पुढे आलेत हे एका पट्टीने मोजतात. त्या पट्टीच्या दोन्ही टोकांना छोटे आरसे असतात. ती डोळ्यांबाहेरच्या हाडांवर टेकवून डॉक्टर अगदी समोर बसतात आणि आरशात बघून आकडा सांगतात. या वेळी आकडा वाढला तर ऑपरेशन करावं लागेल, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

"मेरी आंख में देखो, अम्मा," ते म्हणाले.

परक्या पुरुषाच्या डोळ्यांत बघायची मला सवय नाही. नजर सारखी खाली जायची. शेवटी मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझ्याकडे बघतेस तशी बघ की! तिथे बरी लाज वाटत नाही."

मला हसू फुटलं आणि तेवढ्यात डॉक्टरांनी आकडा वाचला. मागच्यापेक्षा जास्त होता.

हसताना मान हलली होती, पट्टी सरकली होती. पण डॉक्टरांना सांगायचं कसं? सासूबाई पिशवी घेऊन निघाल्यासुद्धा. मी उठले आणि परत बसले.

"फिर से नापो ना," मी म्हटलं. या वेळी मी नजर खाली केली नाही. त्यांचे डोळे घारे होते.

आकडा मागच्याएवढाच निघाला. ऑपरेशन नको, तीन महिन्यांनी या, म्हणाले. सासूबाई खूश झाल्या. मी मात्र आमचं मलकपेठ येईपर्यंत बसमध्ये डोळ्याजवळचं हाड चाचपत होते. दोन आकड्यांतला खरा कोणता, ते विचारायचं राहूनच गेलं.