पाइपवरचा अंगठा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुझ्या पोटात काही राहत नाही, असं ती मला ऐकवत असते. राहिलं की — अकरा वर्षं राहिलं. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही दादाला ओळखत नाही. ओळखत असता, तर माझी जीभ उचललीच नसती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत खाली त्याचं गॅरेज, वर आमचं घर. जुन्या गाड्यांची नस ओळखणारा असा माणूस अख्ख्या इंदुरात नव्हता. महूहून फौजी लोक आपल्या जुन्या जीपा ओढत आणायचे त्याच्याकडे. बॉनेट उघडलं की दादा आधी पान्याला हात लावायचाच नाही. "चूप!" म्हणायचा. गिऱ्हाईक, चहावाला, मी — सगळे चूप. मग रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचा, दुसरं चालू इंजिनावरून हळूहळू फिरवायचा, आणि सांगायचा — इथून हवा घेतेय. उघडून बघावं तर तिथंच! "भिया के कान में मीटर फिट है," लोक म्हणायचे. मी बँकेत बसून शिक्के मारायचो. माझ्या कानात काय फिट आहे, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

आणि घरात म्हातारी होती. म्हणजे मोटार — काळी, विलायती, बाबांनी महूच्या एका साहेबाकडून घेतलेली. आमच्याकडे रिवाज असा, की दसऱ्याला तिची पूजा झाली, झेंडूची माळ घातली, की बाबा एकाच्या हातात किल्ली देणार. त्यानं तिला सुरू करायचं आणि सगळ्यांना बसवून गणपतीपर्यंत न्यायचं. दरवर्षी किल्ली दादाला. ठीक आहे. पण बाबांनी मला शब्द दिला होता — माझ्यामागं म्हातारी तुझी. शेवटची चार वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. त्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, सगळं मी केलं. दादाला गॅरेजातून फुरसत कुठली? आणि त्यांच्या शेवटच्या दसऱ्याला, सगळ्यांच्या देखत, बाबांनी किल्ली दादाच्या मुठीत ठेवली. "ही आता कायमची तुझी. तिला कान लागतो," म्हणाले.

बाबांनी मला शब्द दिला, तेव्हा दादा त्याच खोलीत होता. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं — आणि किल्ली खिशात घातली. बस्स. एक अक्षर नाही! जायला निघालेल्या माणसावर काय रागवायचं? पण दादानं तरी? मला वाटलं, सख्ख्या बापानं आणि सख्ख्या भावानं मिळून माझा गळा कापला. आजही तसंच वाटतं, खोटं कशाला बोलू?

थंडीत बाबा गेले. त्यानंतर — हं, आता आलोच आहे इथपर्यंत, तर सांगतो.

त्या काळच्या गाडीचे वायपर इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे ते आत हवा खेचतं त्या जोरावर चालतात. त्यासाठी इंजिनापासून एक रबरी पाइप निघतो. जुना पाइप कडक झाला होता, दादानं मला नवा आणून बसवायला सांगितलं. मी बसवला. बसवण्याआधी ब्लेडनं त्याच्या खालच्या अंगाला एक चीर दिली. तांदळाच्या दाण्याएवढी, बाहेरची हवा आत शिरेल इतकीच. वरून बघणाऱ्याला दिसणार नाही अशी.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारीचं तंत्र बिघडलं. रस्त्यावर पळताना ठीक, पण सिग्नलला उभी राहिली की इंजिन आचके द्यायचं आणि बंद पडायचं. मग सेल्फ मारा, चोक ओढा, धक्का मारा. दादानं प्लग बदलले. पॉइंट घासले, कंडेन्सर बदललं, कार्ब्युरेटर तीनदा उघडून धुतला. पाइपाला मात्र त्यानं हात लावला नाही. तो मी बसवला होता ना — नवा होता.

दादा नळी कानाला लावायचा, तेव्हा टॉर्च धरायला मी. एका हातात टॉर्च, दुसरा हात सहज टेकवल्यासारखा पाइपवर. अंगठा चिरेवर दाबला, की इंजिन शहाण्यासारखं एका लयीत चालायचं. दादा त्या लयीवर स्क्रू बसवायचा, बॉनेट लावायचा. मी हात काढलेला असायचा, गाडी गल्लीच्या तोंडाशी बंद.

एकदा त्यानं मान वर केली. "फुस्स येतंय रे. हवा घेतेय कुठूनतरी." बरोबर होतं त्याचं! एका सेकंदासाठी माझा अंगठा सरकला होता. मी परत दाबला आणि म्हणालो, "मला नाही येत ऐकू." त्यानं पुन्हा नळी लावली. काही नाही. "आत्ता तर येत होतं," तो म्हणाला. मी म्हणालो, "भास असेल, दादा. वय झालं."

हे माझं वाक्य. चीर दिली ती रागानं दिली, पण हे वाक्य मी शांतपणे बोललो. आणि एकदाच नाही बोललो — सहा महिने बोलत राहिलो.

दादा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरनं सांगितलं, कान उत्तम आहेत. दादानं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. "त्याला इंजिनातलं काय कळतं?" म्हणाला. विश्वास त्यानं माझ्यावर ठेवला. मग गिऱ्हाइकांच्या गाड्या दोनदोनदा तपासायला लागला, मला वरून खाली बोलावून विचारायला लागला, "बघ रे, हा आवाज येतोय का?" पुढच्या दसऱ्याला त्यानं आपण होऊन किल्ली माझ्या हातात दिली. "ठेव तूच. तू जवळ असलास की नीट चालते ती, मी बघितलंय. तिला तुझा हात लागतो." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. त्यानंतरच्या रविवारी मी पाइप बदलला. दोन मिनिटांचं काम. दिवाळीनंतर दादानं गॅरेज बंद केलं.

मी तेव्हा का नाही बोललो? गाडी मिळाली होती. एवढंच. दुसरं काही कारण मला सापडत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं वर गॅलरीत चहा घेत होतो. खाली महूची एक जुनी जीप येऊन थांबली, ड्रायव्हर जुन्या माहितीवर गॅरेज शोधत आला होता. इंजिन चालू ठेवून तो पत्ता विचारत होता, आणि ते आचके देत होतं. दादाचा कप हातात तसाच राहिला. मान तिरकी झाली — कितीतरी वर्षांनी ती तशी तिरकी झालेली बघितली मी. "कार्ब्युरेटरच्या खालून हवा घेतेय," तो पुटपुटला. मग माझ्याकडे वळला. "की भास होतोय रे मला?"

तुझा कान बरोबर आहे म्हटलं असतं, तर त्याला सगळंच कळलं असतं. अकरा वर्षांपूर्वीचंसुद्धा. मी म्हणालो, "भास असेल, दादा."

"हां," म्हणाला, आणि कप ठेवून आत गेला.

जीप खालीच उभी होती. फुस्स मलाही ऐकू येत होतं.