नीलसरचं पाणी आणि पान चारशे बारा

बाभुळगावच्या बसस्टँडसमोर संघदीप मुनेश्वरचं झेरॉक्स आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आत शिरलं की डाव्या हाताला, लाल कापडात बांधलेलं एक जाडजूड बाड दिसतं. नवं गिऱ्हाईक त्याला पोथी समजून हात जोडतं. संघदीप कुणाला अडवत नाही, कारण त्याच्या मते ती पोथीच आहे.

पोथी आहे ‘नीलसर’ नावाच्या मोबाईलवरच्या खेळाची. नीलसर हे एक राज्य, त्याच्या मधोमध एक निळं तळं. खेळायला बसणाऱ्यानं आधी आपला पेशा निवडायचा: तलवारवाला, तिरंदाज, मंत्रवाला, वैद्य. मग राक्षसांशी मारामारी करायची आणि जखमी झालं की तळ्यावर जाऊन पाणी प्यायचं. पाणी प्यालं की माणूस टुणटुणीत. एवढाच खेळ. पण कंपनीनं त्याच्यामागे राजांच्या वंशावळी, शाप, तह आणि धर्मनियम असं अकराशे पानांचं इंग्रजी लचांड लावून दिलंय, आणि आमच्या जिल्ह्यातली दोनशे चौदा माणसं खेळतात दहा मिनिटं आणि त्या पानांवरून भांडतात दिवसभर.

बारावीला इंग्रजीत दोनदा आपटलेल्या संघदीपनं ती अकराशे पानं स्वतःच्या मशीनवर छापली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन दोन वर्षांत वाचून काढली. याची थट्टा मला करवत नाही. मास्तरांनी ज्याला ‘तुझ्याच्यानं होणार नाही’ म्हणून सोडून दिलं होतं, त्यानं हे केलं. थट्टा पुढची आहे.

त्या वाचनानं तो ‘नीलसर यवतमाळ मित्रमंडळ’ या ग्रुपचा ग्रंथपाल झाला. हे पद त्याला मंडळानं रीतसर ठराव करून दिलं. उमरखेडहून कुणी भर जेवणात फोन करायचं की तिसऱ्या राजाची धाकटी राणी कोणत्या किल्ल्यात मेली, आणि हा ताटावरून न उठता पान आणि ओळ सांगायचा. बायकोच्या, म्हणजे साधनाच्या, चार बहिणींत थोरली कोण, यात मात्र तो अजून चुकतो. गावात त्याला ओळखणारे पुष्कळ होते, पण काही विचारायला यावं असं वाटणारे हेच दोनशे चौदा. तेवढ्यावर त्याची मान ताठ असे.

सुरुवातीला पोरं पेशाला ‘जात’ म्हणत. “तुही जात कोनती?” “मह्या जातीले तलवार चालत नाही.” असं भर दुकानात चालायचं. एकदा शेजारच्या विमलताई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या, हे ऐकून थबकल्या, आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, “संघदीप, दुसऱ्या कोनाच्या दुकानात म्या हे ऐकून घेतलं असतं. तुह्या दुकानात?” संघदीप शरमेनं लाल झाला. त्याच दिवशी त्यानं ग्रुपवर दोन पानी सूचना टाकली: जात हा शब्द बंद, पेशा म्हणायचं. सगळ्यांनी अंगठ्याची चित्रं टाकून वाहवा केली. शब्द गेला म्हणजे प्रकरण मिटलं, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली.

मागच्या नोव्हेंबरात कंपनीनं नवा पेशा जाहीर केला. मेलेल्यांची हाडं गोळा करून त्यांतून सैन्य उभं करणारे लोक. मंडळानं त्यांना नाव दिलं हाडवेचे. आजवर हे हाडवेचे फक्त पोथीत होते, राज्याच्या वेशीबाहेर. आता कुणालाही हाडवेचा होऊन खेळता येणार होतं, आणि इतरांसारखं तळ्यावर जाऊन पाणीही पिता येणार होतं.

ग्रुपवर नुसता धुरळा उडाला. कारण पोथीच्या पान चारशे बारावर स्वच्छ लिहिलेलं होतं की हाडवेच्यानं तळ्याला हात लावायचा नाही. कंपनीला स्वतःचंच पान आठवत नव्हतं. संघदीपला आठवत होतं. त्यानं जाहीर केलं की कंपनी काही का म्हणेना, आपल्या मंडळाच्या पथकात हाडवेचा घेतला जाणार नाही.

विरोधात उभा राहिला अमर. मोठ्या शेतकऱ्याच्या घरचा, शंभर एकरांत कपाशी आणि तूर. “पानी काय कोनाच्या बापाचं हाय काय?” असं त्यानं ग्रुपवर लिहिलं. “समदे पेतात तं त्याइनंच काहून नाही प्याचं?” वाक्य सोन्यासारखं. फक्त ज्या अमरच्या वाड्यावर शेतात राबणाऱ्यांसाठी वेगळा पेला अजून गोठ्याच्या खुंटीला लटकतो, त्याला समतेचा हा झटका कसा आला, तर त्यानं कंपनीकडे पैसे भरून हाडवेचा आगाऊ घेऊन ठेवला होता आणि सगळ्यांत ताकदवान पेशा तोच होता.

अमरनं आणखी एक मागणी केली. डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी दुकानात सभा घ्यायची आणि हात वर करून मत घ्यायचं. हाडवेचे आत आले तर ग्रंथपाल हे पदच रद्द. मग पोथी बांधून ठेवायची आणि ज्याला जसं वाटेल तसं खेळायचं. पद गेलं तर आपण पुन्हा इंग्रजीत नापास झालेला झेरॉक्सवाला, हे संघदीपला न सांगता कळत होतं.

आठवडाभर तो पान चारशे बाराचं मराठी करत बसला. सगळं जमलं, एका शब्दाशी गाडी अडली. हाडवेच्याचा हात लागला की पाण्याचं जे होतं, त्याला शब्दकोशात चार प्रतिशब्द होते: मलिन, दूषित, भ्रष्ट, अशुद्ध. एकही तोंडात बसेना. मग एके सकाळी दात घासताना त्याला शब्द सुचला. बाटतं. पाणी बाटतं. इतका चपखल शब्द आपल्याला कुठून सुचला याचा त्यानं विचार केला नाही. तो खूश झाला आणि चूळ भरून दुकानात गेला.

रविवारी दुपारी दुकानात अकरा जण दाटीवाटीनं बसले. बाहेर बाकावर उन्हात संघदीपचे वडील पंजाबराव पेपर वाचत होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा माणूस रोज संध्याकाळी विहारात मेणबत्ती लावतो, म्हणून खिशात कायम माचिस. दर पंचवीस डिसेंबरला, माणसाला पाण्यापासून तोडणाऱ्या जुन्या ग्रंथाचं एक पान विहारासमोर मोठ्यानं वाचून जाळायचा कार्यक्रम असतो, तोही तेच बघतात. अलीकडे त्याला सगळी पिकल्या केसांची मंडळी येतात, तरुण पोरं येत नाहीत, हे त्यांचं मोठं दुःख. मोबाईलमधून मान वर न काढणारा मुलगा हे दुसरं.

संघदीपनं लाल कापड सोडलं, उभा राहिला आणि खणखणीत आवाजात वाचू लागला.

“हाडं वेचणाऱ्याचा हात मळका. त्याने तळ्यास हात लावू नये. लावल्यास पाणी बाटते. त्याने काठापासून सात पावले दूर उभे राहावे. कोणी वरून ओतल्यास ओंजळीत घ्यावे, आणि ओतणाऱ्याचे उपकार मानावे.”

वाचन फारच प्रभावी झालं. दोघा-तिघांनी मान डोलावली. अमरनं “पन कंपनीच म्हनते का...” असं काहीतरी सुरू केलं, पण ग्रंथात आहे म्हटल्यावर पुढे बोलायला त्याच्याकडे ग्रंथ नव्हता. मत घेतलं. अकरातले नऊ हात बंदीच्या बाजूनं वर गेले. संघदीपचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दारात पंजाबराव उभे राहिले. पेपर काखेत आणि चेहरा असा उजळलेला की घरच्यांनीही कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी वर गेलेले नऊ हात पाहिले.

“वा रे पोट्ट्या,” ते म्हणाले. “असं वाचाव लागते. शबूद न् शबूद ऐकला म्या बाहेरून. मले वाटे हा नुसता मोबाईल घासून राह्यला. तू तं तयारी करून राह्यलता.” मग बसलेल्यांकडे वळून, “आन् अमरही आला? लय बरं केलं बाबू. तुमच्या घरचा कोनी आजलोक नाही आलता.”

कुणाला काही उमगेना. पंजाबरावांनी खिशातून माचिस काढून उघड्या पानावर ठेवली.

“ठराव झालाच हाय. आता पेटवता कवा? पंचवीसलेच विहारापुढं घेता का आजच? इथं दुकानात नको, मशीन हाय. बाहेर चाला.”

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. आपलं बाड अकराशे पानांचं आहे आणि आपण त्यातलं कोणतं पान निवडून वाचलं, हे संघदीपच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा शिरलं.

“बाबा,” तो कसाबसा म्हणाला, “हा खेळ हाय. मोबाईलवरचा. खोटं हाय समदं.”

“खेळ?”

“हो. कंपनीनं लिवलं. म्या नाही लिवलं.”

“खेळ हाय तं ठीक,” पंजाबराव म्हणाले. “मंग हात कायले वर केलते?”

कोणत्याही प्रश्नाला पान आणि ओळ सांगणारा ग्रंथपाल माचिस बाजूला सारून पोथी मिटू लागला. उत्तर दिलं अमरनं, अगदी गोड आवाजात.

“काका, मतदान झालं ना. संघदीपभाऊ जिंकले. हाडवेच्याइचं पानी बंद. म्या तं म्हनत होतो का पिऊ द्या.”

पंजाबरावांनी अमरकडे पाहिलं, मग मुलाकडे. रागावले असते तर संघदीपला बरं वाटलं असतं. त्यांनी माचिस उचलून खिशात टाकली, “बरं” म्हणाले, आणि पेपर बाकावरच विसरून घराकडे चालू लागले. मंडळानं ग्रंथपालाचं अभिनंदन केलं आणि तेही पांगलं. पद राहिलं होतं.

संध्याकाळी बापलेक जेवायला बसले. साधनानं ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढला आणि ती दुसरी भाकर टाकायला चुलीकडे वळली. संघदीपनं ताटावरून लवकर उठता यावं म्हणून मोठा घास घेतला आणि त्याला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, श्वास अडकला. पंजाबरावांनी शेजारचा तांब्या उचलून पेला भरला आणि मुलापुढे धरला. संघदीपनं घाईनं हात पुढे केला, तसा त्यांनी पेला किंचित मागे घेतला.

“थांब,” ते म्हणाले. “आधी पाह्य तुह्या पुस्तकात. मह्या हातचं चालते काय तुले?”