लोंबकळणारी वायर

बोईसरच्या कारखान्यात सोमवारी सकाळी ऑफिसचे अकराही संगणक नेटवर्कवरून तुटले. माल भरलेली गाडी फाटकाशी उभी होती आणि तिचे कागद सर्व्हरवर अडकले होते. संगणकांची देखभाल माझ्याकडे. मी सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला, प्रत्येक टेबलाशी जाऊन तपासलं, परत आलो, परत गेलो. बसवत नव्हतं.

व्यवस्थापकांनी झाडणाऱ्या मावशींना बोलावलं. "यांनीच वायर ओढली असणार. उद्यापासून दुसरी बाई बघा."

पाम गावाहून येणाऱ्या त्या मावशी माझ्याकडे वळल्या. "मी नाय हात लावला, भाऊ. वायरींच्या कपाटाला कुलूप हाय, चावी तुमच्याकडं. मी काय फटीतनं झाडू घातला?"

चावी फक्त माझ्याकडेच असते. शनिवारी सगळे घरी गेल्यावर मी ते कपाट आवरलं होतं. सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या स्विचच्या चोवीस खाचांपैकी एक रिकामी होती आणि एक वायर लोंबकळत होती. चोविसाला चोवीस जुळावेत म्हणून मी ती खोचली. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये आहे, हे पाहिलंच नाही. मग सगळी माहिती तिथल्या तिथे गरगर फिरत राहिली.

कपाट उघडून ती वायर काढताच संगणक जोडले गेले.

"चूक माझी होती," मी व्यवस्थापकांना म्हणालो. "मावशींना कामावर ठेवा."

"बरं," म्हणत ते गाडीकडे निघाले.

मी माफी मागितली, तेव्हा मावशी केर भरत होत्या. "तुमचं यंत्र बंद पडलं," त्या म्हणाल्या, "की सगळ्यांना पैला माझा झाडू दिसतो."