आबांच्या बाजेचा कोपरा

या पेजवरचे अनुभव मी आजवर चहा पिता पिता हसण्यासाठी वाचत आले. भूत, करणी, बाहेरची बाधा... सगळं थोतांड, हे माझं मत आजही बदललेलं नाही. पण डोणगावच्या त्या हॉलचं काय करू, ते कळत नाही.

मी खामगावची, इंटिरियरची कामं करते. माझी एक पद्धत आहे – नकाशा काढायच्या आधी पाहुण्याच्या खुर्चीवर तासभर गप्प बसायचं आणि खोलीत कसं वाटतं ते वहीत लिहायचं. या पद्धतीचा मला भारी तोरा होता. डोणगावच्या प्रकाशभाऊंनी हॉल नव्याने करायचं काम दिलं, तिथे बसले तेव्हा लिहिलं, "दाराजवळचा कोपरा – किळस." तिथे त्यांच्या वडिलांची, आबांची बाज होती. शुगरमुळे पायाची जखम बरी होत नव्हती, पट्टीतून पिवळं पाणी, बाजेखाली थुंकायचा डबा. 

महिन्याभराने प्रकाशभाऊंच्या मुलीला, पूजाला बघायला पाहुणे येणार होते. मी म्हटलं, "आबांना मागच्या खोलीत न्या."

"आबाले करमत नाई हो तिकडं," प्रकाशभाऊ चाचरले. मी त्यांची समजूत घातली. कोपऱ्यात नवी फरशी, फिका रंग, एक कुंडी.

रंग वाळला आणि वास सुरू झाला. सडक्या जखमेचा, घशाला चिकटणारा... फक्त त्याच कोपऱ्यात. फरशी उखडली, नाली तपासली, साधा मेलेला उंदीरही निघाला नाही. आणि आबा जखम घेऊन जिथे पडले होते, त्या मागच्या खोलीत कसलाच वास नाही! नाक लावून मी पाच-सहा वेळा दोन्हीकडे फिरले. आबांना वाईट वाटेल म्हणून घरात कोणी त्यांच्याकडे हा विषय काढला नाही.

पाहुणे आले. मीही होते. मुलाच्या आईने नाकाला पदर लावला, पोहे तसेच राहिले, "कळवतो" म्हणून मंडळी उठली.

पूजाने कुंडी उचलून बाहेर ठेवली. "आबाले लपवून मले लगन नाई कराचं," ती म्हणाली. "पप्पा, बाज धरा इकडून."

बाज कोपऱ्यात टेकली, आबांना तिच्यावर बसवलं आणि वास गेला. हळूहळू नाही, त्याच क्षणी. पट्टी तीच होती, पाणी तेच.

"बसा बाई," आबा म्हणाले. मी पहिल्यांदाच त्या बाजेवर बसले. तिथून दारातून सगळा रस्ता दिसत होता. जाणाऱ्या कोणीतरी "रामराम आबा" म्हटलं, त्यांनी हात वर केला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आता त नाई येत ना वास?"

त्यांना कोणी सांगितलं, हे मी घरातल्या एकेकाला विचारलं. कोणीच नाही. वासाचं कारणही आजवर सापडलेलं नाही. वहीतलं ते पान मात्र आहे, आणि आता किळस येते ती त्यावरचं अक्षर माझं आहे याची.