चार बोटं डिझेल

भिवंडीच्या वळ गावाकडे नवीन गोदामं उठतायत, तिथे राघो माती उपसायची मशीन चालवतो. पोकलेन म्हणतात तिला. मशीन हत्तीएवढी आणि तिच्या काचेच्या खोलीत राघो चिमणीएवढा. शिकवलं त्याला मामाने, चिंधूने. राघोच्या आईचा, ठकुबाईचा, तो एकुलता एक भाऊ. बोलणं मोजून, विड्या न मोजता.

मामाने पहिला धडा दिला तो काठीचा. रोज सकाळी टाकीचं झाकण उघडायचं, बांबूची काठी आत सोडायची, कुठल्या खुणेपर्यंत ओली झाली ते बघायचं, मगच चावी फिरवायची. समोर डिझेलचा काटा असताना काठी कशाला, म्हणून राघो हसायचा. म्हातारा देवाला निघाल्यासारखा काठी घेऊन मशीनवर चढतो, असं टपरीवर सांगून चहाबरोबर फुकटचं हसू मिळवायचा.

गणपती झाले आणि काटा डिझेल कमी दाखवायला लागला. मालक भाविकशेठ भिवंडीत बसून मोबाइलवर तेच बघायचा. एक दिवस तो साइटवर आला.

"चिंधू, डिझेल कुठे जातं?"

"कुठं जाणार? टाकीत हाय."

मामाने सगळ्यांसमोर काठी सोडली. काट्यापेक्षा चार बोटं जास्तच ओली निघाली. शेठ घोटाळला. बहुतेक तिथेच मिटलं असतं. पण राघो मध्येच तोंड घालून बोलला, "शेठ, काठी खालनं तुटलीय. चार बोटं गेलीत तिची."

खोटं नव्हतं ते. महिन्यापूर्वी काठी मशीनच्या पट्ट्याखाली आली होती, राघोने बघितली होती. आपल्यालाही कळतं एवढंच त्याला दाखवायचं होतं. पण खालून तुटलेली काठी चार बोटं जास्तच दाखवणार, हे शेठच्या लगेच डोक्यात शिरलं.

मामाने भाच्याकडे बघितलं. काठी सीटमागे ठेवली, डबा आणि पंचा उचलला आणि चालायला लागला. दुसऱ्या दिवशी राघो त्याच्या जागेवर बसला. गावात मामाच्या नावाला डिझेलचोर चिकटलं, तेव्हा तो वज्रेश्वरीला प्रसादाच्या दुकानात कामाला निघून गेला.

दिवाळीच्या आधी आठ दिवस राघोने टाकी भरून घेतली, तरी काटा तळाला. शेठचा फोन आला, "मामाचं काम भाचा पुढे चालवतो वाटतं?"

राघोचे कान तापले. तो भिवंडीतून गुलाम हुसेनला घेऊन आला. तीस वर्षं कापडाचे लूम दुरुस्त केलेला माणूस. लूम भंगारात गेले, तसा हा गाड्यांच्या वायरी जोडायला लागला.

"काट्याला शिव्या नको देऊ," गुलामचाचा म्हणाला. "टाकीतून खबर जाईल तेच तो बोलणार."

टाकीवरचे पाच स्क्रू काढून त्याने आतली दांडी वर ओढली. दांडीच्या टोकाला प्लास्टिकचा गोळा, वड्याएवढा. तो डिझेलवर तरंगतो, तसा काटा वरखाली होतो. चाचाने गोळा राघोच्या कानाशी हलवला.

"सुन. काय वाजतंय?"

आत डुचमळत होतं.

"बाल के जैसी चीर आहे. पोटात डिझेल गेलं, आता तरंगणार कसा? हे आजचं नाय बाबा. महिना-दीड महिना पीत बसलाय हा."

चाचाने नवा गोळा बसवला, चिंधीने तारा पुसल्या. काटा सरसर वर गेला.

"चल, काठीने बघून घे. मग मी सुटलो."

राघोने सीटमागची काठी काढली. चाचाने ती उलटी फिरवली. "अरे, खुणा या अंगाला आहेत. तिकडच्या तर घासून काढल्यात."

तुटल्यावर मामाने जुन्या खुणा खरवडून दुसऱ्या बाजूला नव्या कोरल्या होत्या, नव्या टोकापासून मोजून. काठी टाकीत सोडली. काटा आणि काठी बरोबर जुळली.

राघोने फुटका गोळा शेठला दाखवला आणि तसाच वज्रेश्वरीची एसटी धरली. मामा खडीसाखरेचे पुडे बांधत होता.

"मामा, गोळा फुटका व्हता. शेठ बोलला, परत ये."

"शेठ बोलला. तू काय बोलतोस?"

"मला म्हायीत नव्हतं, दुसऱ्या अंगाला खुणा हायत."

"इचारायचं व्हतं."

मामाने गोळा कानाशी नेऊन हलवला, ऐकला, परत दिला.

"आई भाऊबीजेला वाट बघंल," राघो बोलला.

"आक्काला सांग, सणाला दुकानात गर्दी असते." मामाने एक पुडा त्याच्या हातात ठेवला. पैसे घेतले नाहीत. गिऱ्हाइकाकडून घेतले असते.

भाऊबीजेला ठकुबाईने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. वज्रेश्वरीची एसटी दोनदा आली, दोनदा गेली. दिवस मावळला तशी ती ताट घेऊन अंगणात आली आणि नखाएवढ्या चंद्राला ओवाळायला लागली.

शेजारची रूपा कुंपणावरून म्हणाली, "काकी, चंद्राला तर भाऊ नसला की ओवाळतात. तुमचा हाय ना?"

"हाय की," ठकुबाई म्हणाली. "वज्रेश्वरीला हाय."

राघोने पाट उचलून भिंतीला लावला. रांगोळी मात्र त्याने पुसली नाही.