नाताळच्या सुट्टीतलं माहेर

आमच्या वहिनीला हळू बोलताच येत नसे. ती सोलापूरहून फोन करायची आणि पुण्यात माझ्या शेजारणीला कळायचं, हिला माहेरचं बोलावणं आलं. नाताळच्या सुट्ट्या लागायच्या आत फोन ठरलेला. "शुभे, येणार न्हाईस व्हय? हुरडा आलाय. नवऱ्याला सुट्टी नसंल तर राहू दे त्याला, तू पोरं घिऊन ये की!" नवरा शेजारीच बसून ऐकत असायचा, बिचारा.

आई गेली तेव्हा मी धरूनच चालले होते, संपलं आपलं माहेर. दादा म्हणजे घुम्या. माहेर टिकवलं ते दुसऱ्या घरातून आलेल्या या बाईनं. वहिनी अक्कलकोटकडची. दारात रिक्षा थांबली की "बा, बा!" म्हणजे ये, ये, असं कन्नडमधून स्वागत, आणि लगेच मराठीतून खरडपट्टी. "किती वाळलीस गं! खातीस का नुसता मोबाईल बगतीस?"

डिसेंबरअखेर घर गच्च भरायचं. चुलत, मावस, त्यांची पोरं. भाकरीची चवड लागायची, शेंगाचटणी पुरायची नाही. त्या धबडग्यातून ती दुपारी मला हाताला धरून गच्चीवर न्यायची. उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसायचो. मग हळू, म्हणजे फक्त शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल इतपत, विचारायची, "यंदा रडलीस का गं? कशापायी?" कुणालाच न सांगितलेलं मी तिथं भडाभडा सांगायचे. सल्ला वगैरे काही नाही. "व्हय गं बाई," एवढंच म्हणायची आणि सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवायची.

गेल्या वर्षी मी उलट विचारलं, "आणि तू गं?"

"मला येळ कुटं हाय? तुमी समदी गेल्यावर बगती," म्हणाली आणि खो खो हसली.

श्रावणात ती गेली. सकाळी फुलं काढताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

यंदा फोन आला नाही. वाट पाहून पाहून मी न बोलावताच, एकटीच गेले. असं माहेरी जाताना पाय किती जड होतात, ते कुणाला सांगू! घरात एकटा दादा. बाकी कुणी आलंच नव्हतं, कारण कुणी कुणाला बोलावलंच नव्हतं. आम्ही दोघं टीव्ही लावून बसलो. मनात म्हटलं, हे आपलं शेवटचं येणं.

निघताना दादा "थांब" म्हणाला आणि आत गेला. ताटात नारळ, तांदूळ, हळदीकुंकू घेऊन आला. माहेराहून निघणाऱ्या लेकीची ओटी घरातली बाईमाणूस भरते. पुरुषानं भरलेली मी तरी कधी पाहिली नव्हती. कुंकू लावताना त्यानं माझं कपाळ माखून टाकलं. अंगावर साडी नव्हती, म्हणून मी ओढणीच पसरली. अर्धे तांदूळ तिच्यात पडले, अर्धे खाली सांडले.

"तिला जमत हुतं," दादा म्हणाला आणि त्याचा बांधच फुटला. "मला न्हाय जमत गं. पर तू येत जा."

"व्हय रे दादा," एवढंच मी म्हणाले आणि खाली सांडलेले तांदूळ वेचून ओढणीत घेतले.